फुप्फुसातील रक्तवाहिन्या आणि प्राणवायूची उणीव

शरीराच्या एखाद्या भागाला प्राणवायू कमी पडू लागला की तेथील बारीक रोहिण्या रुंदावतात आणि त्या भागाकडे अधिक रक्त धाव घेते. धावणाऱ्या माणसाच्या पायांच्या स्नायूंत हेच घडत असते. जेथे तूट आहे तेथे पुरवठा वाढावा, यात नवल नाही. परंतु एका इंद्रियात याच्या अगदी उलट प्रकार आढळतो. फुप्फुसाच्या ज्या भागातील हवेत प्राणवायू कमी होतो, त्या भागातील बारीक रोहिण्या रुंदावण्याऐवजी आकसतात. असे का व्हावे?

प्रथम एका शब्दाचा उलगडा केला पाहिजे. रोहिणीतून शुद्ध रक्त वाहते, असे आपण शाळेत शिकतो. फुप्फुसाची रोहिणी हा या नियमाला अपवाद होय. हृदयातून रक्त बाहेर नेणारी ती रोहिणी, एवढाच त्या नावाचा खरा अर्थ. आणि हृदयाच्या उजव्या भागातून फुप्फुसाकडे जाणारे रक्त तेथे प्राणवायू देण्यासाठी नव्हे, तर तो घेण्यासाठी जात असते. हे ध्यानात आले म्हणजे कोडे निम्मे सुटले.

फुप्फुसात कोट्यवधी वायुकोश असतात. न्यूमोनियामुळे त्यांतील काही द्रवाने भरले, किंवा कफाने एखादी श्वासनलिका बुजली, तर त्या भागात गेलेले रक्त रिकाम्या हातांनी परत येईल आणि चांगल्या रक्तात मिसळून त्याचाही कस कमी करील. म्हणून तेथे रक्त जाऊच न देणे हिताचे. पाटाच्या पाण्याला दारे धरणारा शेतकरी नापीक तुकड्याचे दार बंद करून पाणी दुसरीकडे वळवितो, तसेच हे आहे.

स्टॉकहोम येथील उल्फ फॉन ऑयलर व योरान लिल्येस्ट्राँड या शास्त्रज्ञांनी 1946 साली ही गोष्ट स्पष्टपणे मांडली. बेशुद्ध केलेल्या मांजरांना सुमारे दहा टक्के प्राणवायू असलेली हवा दिली असता फुप्फुसाच्या रोहिणीतील दाब वाढतो, असे त्यांना आढळले. आकुंचनाची ही क्रिया मज्जातंतूंवर अवलंबून नसते. शरीराबाहेर काढून जिवंत ठेवलेल्या फुप्फुसातही ती दिसते. तेव्हा हा गुण त्या रोहिण्यांच्या भिंतीतच असला पाहिजे. प्राणवायू घटला की भिंतीतील स्नायुपेशींतून पोटॅशियम बाहेर जाण्याचे काही मार्ग मिटतात, पेशीच्या आवरणावरील विद्युतभार बदलतो, कॅल्शियम आत शिरते आणि पेशी आकुंचन पावते. मात्र प्राणवायूची उणीव पेशीला प्रथम कशी कळते, यावर शास्त्रज्ञांचे अद्याप एकमत नाही.

आतापर्यंत आपण फुप्फुसाच्या एका भागाचा विचार केला. सर्व भागांत एकाच वेळी प्राणवायू कमी पडला तर?

लेह हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 3,500 मीटर उंचीवर आहे. तेथील हवेतही प्राणवायूचे प्रमाण शेकडा 21 च असते; पण हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या दोनतृतीयांश एवढाच असल्याने प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू कमी होतो. मैदानातून विमानाने थेट तेथे पोहोचलेल्या माणसाच्या फुप्फुसात सगळीकडेच दारे मिटू लागतात. रक्त वळवायला जागा उरत नाही. हृदयाच्या उजव्या भागाला अधिक जोर लावावा लागतो. त्यातही सर्व रोहिण्या सारख्याच आकसत नाहीत. ज्या कमी आकसतात, त्यांच्या मार्गाने रक्ताचा लोंढा पुढच्या नाजूक केशवाहिन्यांवर आदळतो, त्यांच्या भिंती गळू लागतात आणि वायुकोशांत पाणी साचते. पाटाला तुंब पडून बांध फुटावा, तशी ही गत होय.

पूर्वी अशा रोग्यांना न्यूमोनियाच झाला आहे, असे पुष्कळदा समजले जाई. अमेरिकेतील चार्ल्स ह्यूस्टन यांनी 1960 साली या विकाराकडे वैद्यांचे लक्ष वेधले. पुढे 1962 च्या युद्धकाळात आपल्या हजारो जवानांना अल्पावधीत हिमालयातील उंच ठाण्यांवर जावे लागले आणि त्यांपैकी अनेकांना या विकाराने गाठले. भारतीय सेनेतील वैद्य इंदर सिंग व त्यांचे सहकारी यांनी अशा रोग्यांविषयी 1965 साली प्रसिद्ध केलेला लेख आजही या विषयातील महत्त्वाचा आधार मानला जातो.

हा विकार बहुधा वर पोहोचल्यावर दोन ते चार दिवसांत प्रकट होतो. थोड्याशा श्रमाने फार धाप लागते, कोरडा खोकला येतो. पुढे फेसाळ, गुलाबीसर थुंकी पडते. तरुण आणि धट्टाकट्टा मनुष्यही यातून सुटतोच असे नाही. मुख्य उपाय म्हणजे रोग्याला विनाविलंब खाली आणणे व प्राणवायू देणे. निफेडिपिन हे औषध रोहिण्या सैल करते, म्हणून वैद्य त्याचाही उपयोग करतात. पण त्याच्या भरवशावर खाली उतरणे लांबविणे धोक्याचे आहे. वर गेल्यावर पहिले एकदोन दिवस विश्रांती घ्यावी, असे जे सांगतात त्याचे कारण आता वाचकांच्या ध्यानात येईल.

हिमालयातील याकला मात्र हा त्रास नाही. त्याच्या फुप्फुसातील रोहिण्यांच्या भिंती पातळ असतात आणि विरळ हवेतही त्या फारशा आकसत नाहीत. उलट, अमेरिकेतील कोलोरॅडोच्या डोंगराळ कुरणांवर नेलेल्या काही गाईगुरांत हेच आकुंचन इतके तीव्र होते की, हृदयाचा उजवा भाग थकून त्यांच्या गळ्याखाली व छातीशी सूज उतरते.