काळ्या दगडात पहिला जीव जन्मला का?

प्रश्न : आमच्याकडच्या काळ्या पाषाणात किंवा लोणारच्या खाऱ्या पाण्यात पहिला जीव तयार झाला असेल का?
– एक वाचक, उदगीर (जि. लातूर)

उत्तर : पाषाणात नक्कीच नाही. तो पाषाण म्हणजे दख्खनचा लाव्हा, जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा. जीवाच्या खुणा 350 कोटी वर्षांमागे जातात. 1993च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल छिद्र घेतले, तेव्हा सुमारे 338 मीटर काळा थर ओलांडल्यावर प्राचीन खडक लागला. नांदेडमध्ये देगलूरकडे तसला जुना ग्रॅनाइट उघड्यावरच दिसतो. पण किल्लारीचा तो खडकही जीवापेक्षा धाकटाच!

लोणारचे विवर याच लाव्ह्यात पडलेले, म्हणून तेही बाद. तिथले रसायन मात्र मोलाचे आहे. आरएनए, डीएनए यांच्या साखळीला फॉस्फेट लागते, आणि साध्या पाण्यात कॅल्शियम ते पकडून तळाशी नेते. लोणारसारख्या कार्बोनेटने भरलेल्या तळ्यात कॅल्शियम आधीच कार्बोनेटशी जोडले जाते, फॉस्फेट पाण्यात मोकळे उरते. उन्हाळ्यात पाणी आटले की ते आणखी दाट होते. वॉशिंग्टन विद्यापीठातील टोनर आणि कॅटलिंग यांनी 2019 मध्ये हे मांडताना लोणारचाही विचार केला होता.

जीवाला लागणारी अमिनो आम्ले बनणे त्यामानाने सोपे. मिलर या रसायनशास्त्रज्ञाने 1953 मध्येच ते प्रयोगातून दाखवले. खरी अडचण पुढची : स्वतःची नक्कल करणारा रेणू आपोआप कसा जुळला? आरएनए अभिक्रियाही घडवू शकतो, म्हणून बहुतेकांची नजर त्याच्यावर आहे. प्रयोगशाळेत निर्जीव रसायनांपासून जिवंत पेशी अजून कोणी बनवलेली नाही.