संदेश कोठे अडला?
लिनक्स संगणकावरील संवादसेवेची दोषतपासणी

भीमेला पूर येऊ लागला की सोलापूर जिल्ह्याचे लक्ष उजनी धरणाकडे लागते. धरणातून किती पाणी सोडले जाणार, ही वार्ता पंढरपूरच्या घाटांपर्यंत आणि नदीकाठच्या गावांपर्यंत पाण्याच्या आधी पोहोचणे आवश्यक असते. ऑक्टोबर २०२० मधील अतिवृष्टीच्या वेळी जिल्ह्याने याचा अनुभव घेतला आहे. अशा प्रसंगी संगणकावरून पाठविलेला संदेश मध्येच अडला, तर तो कोठे अडला हे थोड्या वेळात शोधता आले पाहिजे. हे काम केवळ तंत्रज्ञांचे आहे, असे समजण्याचे कारण नाही. शाळेतील शिक्षकास किंवा ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्यासही ते क्रमाने करता येते.

सेवेचे स्वरूप

उदाहरणादाखल इंटरनेट रिले चॅट, म्हणजेच आयआरसी, ही जुनी व साधी संवादसेवा घेऊ. फिनलंडमधील औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी १९८८ मध्ये ती निर्माण केली. त्याच देशात १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा आरंभ केला. लिनक्स विनामूल्य उपलब्ध असून सी-डॅकने त्याच्याच आधारे ‘बॉस’ ही भारतीय भाषांना अनुकूल प्रणाली तयार केली आहे.

या सेवेत एक संगणक सर्व्हर म्हणून काम करतो. इतर संगणक त्यास जोडले जातात आणि एकाने लिहिलेला मजकूर तो सर्वांकडे पोहोचवितो. सर्व्हर कार्यालयाच्या स्वतःच्या जाळ्यावर असेल, तर बाहेरचे इंटरनेट बंद पडले तरी त्या जाळ्यातील संवाद चालू राहतो. संकटकाळी हा लाभ मोठा आहे.

जवळून दूर जावे

मागावर एक धागा तुटला म्हणून सोलापूरचा विणकर सारे कापड उतरवून ठेवीत नाही. तो माग थांबवितो, तुटलेले टोक शोधतो आणि गाठ मारतो. संगणकाच्या बाबतीत मात्र सारी प्रणाली पुन्हा बसविण्याची घाई अनेकदा केली जाते. ती टाळून पुढील क्रम पाळावा.

पहिली पायरी जोडणीची. केबल बसलेली आहे काय, हे पाहून ‘पिंग’ या आज्ञेने सर्व्हर प्रतिसाद देतो का ते तपासावे. संगणकाच्या नावाने प्रतिसाद मिळत नाही, पण त्याच्या अंकी पत्त्याने मिळतो, असे आढळल्यास जाळे ठीक असून दोष नावाचा पत्ता शोधणाऱ्या व्यवस्थेत आहे.

दुसरी पायरी सेवेची. सर्व्हर चालू असणे आणि त्यावरील संवादसेवा चालू असणे या दोन भिन्न गोष्टी होत. वीज जाऊन परत आली की संगणक सुरू होतो. परंतु सेवा आपोआप सुरू होण्याची तजवीज केलेली नसेल, तर ती बंदच राहते. ‘सिस्टमसीटीएल’ या आज्ञेने सेवेची स्थिती कळते, तर ‘जर्नलसीटीएल’ने ती का थांबली याची नोंद वाचता येते. डिस्क पूर्ण भरल्यामुळेही सेवा थांबू शकते. ते ‘डीएफ’ या आज्ञेने दिसते.

तिसरी पायरी दाराची. प्रत्येक सेवा ठराविक क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे जणू एका दारावर, वाट पाहत असते. आयआरसीसाठी बहुधा ६६६७ आणि सुरक्षित जोडणीसाठी ६६९७ हे क्रमांक वापरतात. सर्व्हरवर बसून संवाद होतो, पण दुसऱ्या संगणकावरून होत नाही, अशी स्थिती असेल तर फायरवॉलने दार रोखले आहे, किंवा सेवा केवळ स्वतःच्याच संगणकासाठी उघडी ठेवली आहे, असे समजावे.

चौथी पायरी घड्याळाची. संगणकातील नाण्याच्या आकाराची बॅटरी संपली की वीज जाताच तारीख अनेक वर्षे मागे जाऊ शकते. मग वैध सुरक्षा प्रमाणपत्रही अवैध ठरते आणि सुरक्षित जोडणी नाकारली जाते.

जोडणी तुटल्यावर लगेच परतणाऱ्यास ‘हे नाव वापरात आहे’ असे उत्तर कधी कधी मिळते. सर्व्हरने जुनी जोडणी अद्याप सोडलेली नसते, एवढाच त्याचा अर्थ. थोडा वेळ थांबावे किंवा तात्पुरते दुसरे नाव घ्यावे.

मराठी मजकुराची विशेष अडचण

वरील सर्व ठीक असूनही एक दोष लपून राहू शकतो आणि तोच अधिक घातक आहे. आयआरसीच्या मूळ नियमानुसार एका संदेशाची मर्यादा ५१२ बाइट आहे. रोमन लिपीतील एका अक्षरास एक बाइट लागतो. परंतु यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. काना, वेलांटी, अनुस्वार ही चिन्हेही त्यात वेगळी मोजली जातात. रोमन लिपीत ‘सोलापूर’ हे नाव सात बाइटांत मावते, देवनागरीत त्यास एकवीस लागतात. म्हणजे एका संदेशात मराठीची फार तर १७० चिन्हे मावतात. पाठविणाऱ्याचे नाव व पत्ता यांसाठी जागा गेल्यावर त्याहूनही कमी.

काही प्रोग्राम लांब मजकुराचे आपोआप तुकडे करतात. जेथे तसे होत नाही, तेथे शेवट कापला जातो. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो, हे येथे ध्यानात घ्यावे. ‘आज रात्री पुलावरून वाहतूक सुरू राहणार नाही’ या सूचनेतील अखेरचा एकच शब्द गळाला, तर वाचणारा नेमका उलटा अर्थ घेईल आणि वाक्य पूर्णच वाटल्यामुळे त्यास शंकाही येणार नाही.

यास्तव संदेश लहान असावा. मनाई प्रारंभी लिहावी : ‘पूल बंद. आज रात्री वाहतूक नाही.’ शेवटी ‘समाप्त’ हा शब्द लिहिण्याचा प्रघात ठेवावा. तो दिसला नाही तर संदेश अपुरा मानून पुन्हा मागवावा. सर्वत्र रिकामे चौकोन दिसल्यास त्या संगणकावर देवनागरी टंक नाही. निरर्थक रोमन चिन्हे दिसल्यास दोन टोकांची संकेतपद्धती जुळत नाही.

नोंदवही

एका वेळी एकच बदल करावा आणि तो तारीख-वेळेसह वहीत लिहावा. उपयोग न झाल्यास पूर्ववत करावा. पावसाळ्यापूर्वी एकदा सर्व्हर जाणीवपूर्वक बंद करून पुन्हा सुरू करावा आणि सर्व ठिकाणांहून लांब मराठी संदेश पाठवून तो अखेरपर्यंत पोहोचतो की नाही ते पाहावे. ही तालीम निवांत दिवशी झाली, तर पुराच्या रात्री दोष शोधण्याची वेळ क्वचितच येईल.