उतरलेला ताप पुन्हा का चढतो?

(न्यूमोनियावर पहिली गुणकारी औषधे निघाली, तेव्हा डॉक्टरांपुढे एक कोडे उभे राहिले. ते कोणते आणि कसे सुटले, हे या पाठात सांगितले आहे.)

घरात कोणाला ताप आला की सर्वांना काळजी वाटते. ताप उतरला की सर्वांच्या जिवात जीव येतो. पण विद्यार्थी मित्रांनो, ताप उतरला म्हणजे आजार बरा झाला, असे समजावे का?

न्यूमोनिया हा फुप्फुसांचा आजार आहे. फुप्फुसांत हवेच्या असंख्य लहान पिशव्या असतात. न्यूमोनियात त्या पाण्याने व पुवाने भरतात. रुग्णाला थंडी वाजून ताप येतो, खोकला येतो, छातीत दुखते आणि धाप लागते. हा आजार अनेक प्रकारच्या जंतूंमुळे होतो. त्यांपैकी न्यूमोकोकस हा एक प्रमुख जंतू आहे.

पूर्वी या आजारावर खात्रीचे औषध नव्हते. नातेवाईक रुग्णाच्या उशाशी बसून दिवस मोजत. साधारण सातव्या दिवशी दरदरून घाम सुटून ताप एकदम उतरला, तर रुग्ण वाचे. नाही उतरला, तर आशा कमी होत जाई.

१९३५ साली जर्मनीतील गेरहार्ड डोमाक या शास्त्रज्ञाने एका तांबड्या रंगद्रव्याचा जंतुनाशक गुण जगापुढे मांडला. त्यातून सल्फा औषधांचा शोध लागला. पुढे इंग्लंडमध्ये मे अँड बेकर कंपनीने सल्फापायरिडीन हे औषध तयार केले. ते 'एम अँड बी ६९३' या नावाने ओळखले जाई. १९३८ साली बर्मिंगहॅममधील इव्हान्स आणि गेसफोर्ड या डॉक्टरांनी न्यूमोनियाच्या १०० रुग्णांना ते दिले. दुसऱ्या १०० रुग्णांवर जुन्या पद्धतीने उपचार केले. औषध न मिळालेल्यांपैकी २७ जण दगावले. औषध मिळालेल्यांपैकी फक्त ८ जण दगावले.

या औषधाने पुष्कळदा एकदोन दिवसांतच ताप उतरे. पण काही रुग्णांना थोड्या दिवसांनी पुन्हा ताप चढे. असे का व्हावे? याची कारणे एकाहून अधिक होती.

पहिले कारण म्हणजे औषध लवकर थांबवणे. हे औषध रात्रंदिवस ठरावीक तासांनी घ्यावे लागे. त्याने मळमळ होई, उलट्या होत. ताप उतरताच रुग्णाला वाटे, 'आता हा त्रास कशाला?' परंतु सल्फा औषध जंतूंना ठार मारत नाही, त्यांची वाढ रोखते. उरलेले काम शरीरातील पांढऱ्या पेशी करतात. हे काम पुरे होण्याआधीच औषध थांबले, तर उरलेले जंतू पुन्हा वाढू लागतात.

दुसरे कारण म्हणजे फुप्फुसाभोवतीच्या पोकळीत पू साठणे. तेथे औषधाचा प्रभाव अपुरा पडतो. अशा वेळी तो पू बाहेर काढावा लागतो.

तिसरे कारण ऐकून तुम्हांला नवल वाटेल. कधी कधी औषधामुळेच ताप येतो! अशा वेळी ते औषध थांबवले की ताप उतरतो.

आणखी एक शक्यता असते. काही जंतू औषधाला दादच देत नाहीत. तेव्हा औषध बदलावे लागते.

पाहा, थर्मामीटरवरचा आकडा एकच. पण एका रुग्णाला औषध चालू ठेवायचे, दुसऱ्याचे थांबवायचे, तिसऱ्याचा पू काढायचा! म्हणून डॉक्टर केवळ तापावर विसंबत नाहीत. ते छाती तपासतात, रक्ताची तपासणी करतात, एक्स-रे काढतात आणि मग निर्णय घेतात.

पुढे पेनिसिलिन आले. त्यानंतर आणखी अनेक प्रतिजैविके निघाली. आज न्यूमोनियाच्या अनेक रुग्णांना पाच दिवसांचे औषधही पुरते. काहींना मात्र ते जास्त दिवस घ्यावे लागते. किती दिवस घ्यायचे, हे डॉक्टरांनी ठरवायचे असते. आपल्या मनाने औषध थांबवू नये. उरलेल्या गोळ्या दुसऱ्याला देऊ नयेत. ताप पुन्हा आला, तर घरी वाट पाहत बसू नये. लगेच डॉक्टरांकडे जावे. उतरलेला ताप ही चांगली खूण आहे, पण ती बरे झाल्याची पावती नव्हे.

शब्दार्थ
फुप्फुस – फेफडा
गुणकारी – गुण देणारे, असरदार
जिवात जीव येणे – काळजी दूर होणे
दगावणे – मरण पावणे
दाद न देणे – परिणाम होऊ न देणे
विसंबणे – भरवसा ठेवणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'एम अँड बी ६९३' हे औषध कोणत्या कंपनीने तयार केले?
(आ) सल्फा औषध जंतूंवर कोणता परिणाम करते?
२. ताप पुन्हा चढण्याची कारणे तुमच्या शब्दांत लिहा.
३. 'जिवात जीव येणे' आणि 'दाद न देणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.
४. 'ताप उतरला, आता गोळ्या नकोत,' असे म्हणणाऱ्या मित्राला तुम्ही काय सांगाल? पाच वाक्ये लिहा.