बी दारात आली आणि खातं गोठलं

कोकणात काजूचं वर्ष मार्चमध्ये सुरू होतं आणि बँकेचं मार्चमध्ये संपतं. परदेशात राहून गावाकडे उद्योग काढणाऱ्याने एवढं ध्यानात ठेवलं तरी निम्मा ताप वाचतो. मी मस्कतला एका बांधकाम कंपनीत हिशेब सांभाळायचो. कुडाळजवळच्या आमच्या गावात धाकट्या भावाने काजू फोडायचा छोटा कारखाना टाकला होता. भांडवल माझं, मेहनत त्याची. आखाती देशांत नोकरी करणाऱ्या अनेक घरांत हीच मांडणी असते, म्हणून जे घडलं ते जरा तपशिलाने सांगतो.

गावच्या शाखेत माझं कॉलेजच्या वेळचं बचत खातं होतं. ओमानला निघताना मी शाखेत जाऊन तसं सांगितलं होतं. व्यवस्थापक म्हणाले, "राहू द्या हो, खातं तुमचंच आहे, पैसे पाठवा म्हणजे झालं." मी पाठवत राहिलो. मस्कतच्या रुवी भागातल्या मनी एक्स्चेंजमधून दर महिन्याला पैसे यायचे, पासबुकात त्या एक्स्चेंजचं नाव छापलं जायचं आणि शाखेत कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही. मग २०१८च्या एप्रिलमध्ये कुठल्याशा तपासणीत ते खातं नजरेत आलं आणि त्यातून पैसे काढणं एका दिवसात बंद झालं. एसएमएस गेला तो माझ्या बंद पडलेल्या भारतीय सिमवर. पत्र गेलं गावच्या पत्त्यावर, आणि आईने ते लाइट बिलांच्या गठ्ठ्यात नीट जपून ठेवलं.

मला कळलं ते भावाच्या फोनवरून. "दादा, ब्यांकेन खाता बंद केल्यान. माणसां बी घेवन दारात उभी आसत. काय सांगू तेंका?"

या प्रश्नाची धार कळायला काजूचा धंदा थोडा माहीत हवा. झाडावरची बी साधारण फेब्रुवारीच्या अखेरीपासून मे महिन्यापर्यंत येते. ती खळ्यात उन्हात वाळवायची, पोत्यात भरायची आणि तोच माल पुढे वर्षभर उकडून, फोडून, सोलून विकायचा. शंभर किलो बियांतून पंचवीस किलोच्या आसपास गर निघतो. म्हणजे वर्षभराचं भांडवल अडीच-तीन महिन्यांत बियांत ओतावं लागतं. त्यातही शेतकरी सकाळी पोतं घेऊन येतो आणि पैसे त्याच दिवशी मागतो, कारण समोरच्या नाक्यावर व्यापारी रोख मोजत बसलेला असतो. आमच्या दारातली बी तासाभरात नाक्यावर गेली. पुढे वर्षभर त्याच व्यापाऱ्याकडून चढ्या भावाने आम्ही कदाचित तीच पोती घेतली असतील.

खातं सोडवायला लागणारी कागदपत्रं फारशी नव्हती: पासपोर्ट, व्हिसा, तिकडचा पत्ता आणि फोटो. पण प्रत्येक प्रतीवर भारतीय वकिलातीचा किंवा तिकडच्या नोटरीचा शिक्का हवा होता आणि मूळ अर्ज कुरिअरने. बोलायचं म्हटलं तर कधी? ओमानची सुट्टी शुक्रवार-शनिवार. इकडे रविवार बंद, दुसरा आणि चौथा शनिवार बंद. मला निवांत वेळ आणि शाखा उघडी, असा हक्काचा दिवस एकच, शुक्रवार. ओमानचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, म्हणून मी शुक्रवारी साडेआठला फोन धरून बसायचो. "साहेब मीटिंगमध्ये आहेत" हे वाक्य मी इतक्या आवाजांत ऐकलंय की शाखेतला सगळा स्टाफ मला आवाजावरून ओळखता आला असता. खातं मोकळं झालं तेव्हा पाऊस सुरू झाला होता.

नियमाबद्दल माझी तक्रार नाही. नोकरीसाठी देश सोडला की परकीय चलन कायद्याच्या, म्हणजे फेमाच्या दृष्टीने माणूस लगेच अनिवासी होतो. पुष्कळ जण इथे प्राप्तिकराचे १८२ दिवस मोजत बसतात; तो हिशेब वेगळा, हा वेगळा. अनिवासी माणसाने साधं बचत खातं चालवायचं नसतं, ते एनआरओ, म्हणजे अनिवासीचं इथल्या मिळकतीसाठीचं खातं, करून घ्यायचं असतं. माझा राग आहे तो "राहू द्या हो"वर. त्या आपुलकीची किंमत नंतर कळली. मस्कतहून आलेला पैसा एकदा साध्या खात्यात पडला की तो इथलाच झाला. तो एनआरओत जातो, तिथल्या व्याजावर ३० टक्के आणि वर अधिभार-उपकर असा कर मुळातच कापला जातो. पैसे पुन्हा बाहेर न्यायचे तर वर्षाला दहा लाख डॉलरची मर्यादा आणि चार्टर्ड अकाउंटंटचा दाखला. ती मर्यादा आपल्यासारख्याला कधी आडवी येत नाही, दाखल्यामागची धावपळ मात्र येते. हाच पैसा पहिल्यापासून एनआरई, म्हणजे बाहेरून येणाऱ्या पैशासाठीच्या, खात्यात आला असता तर व्याज करमुक्त होतं आणि मुद्दल-व्याज दोन्ही हवं तेव्हा परत नेता आलं असतं.

म्हणून तिकडे पहिला पगार व्हायच्या आत दोन खाती उघडून घ्या. बाहेरून येणारं एनआरईत. गावचं घरभाडं, बागेचं उत्पन्न, जुन्या शेअर्सचा लाभांश असं इथे मिळणारं एनआरओत. दोन्हींचं पाणी एकत्र होऊ द्यायचं नाही. नंतर कुणीही, बँक असो की आयकर खातं, पहिला प्रश्न विचारतं तो हाच की पैसा आला कुठून. तिसरं एफसीएनआर. त्यात ठेव परकीय चलनातच राहते, मुदत एक ते पाच वर्षं. ओमानी रियाल डॉलरला बांधलेला असल्यामुळे आम्हा मंडळींना डॉलरमधली ठेव सोयीची पडते. रुपया घसरला तरी आपल्या मिळकतीला झळ नाही. पण गावात लवकरच लागणारा पैसा त्यात अडकवू नये.

दुसऱ्या वर्षी मी कुडाळला दुसऱ्या एका बँकेत गेलो. तिथल्या कर्ज विभागातल्या मॅडमनी ठेवींच्या योजनेचं पत्रक पुढे केलं नाही. त्यांनी विचारलं, "बी कधी घेता? माल विकल्याचे पैसे किती महिन्यांनी येतात?" बँकेत कुणी असं विचारलं तर त्या खुर्चीतून उठू नका. त्यांनी सुचवलेला मार्ग साधा होता. मी एनआरई मुदत ठेव ठेवायची आणि तिच्या तारणावर भावाच्या फर्मला ओव्हरड्राफ्ट. लागेल तेवढं उचलायचं, गर विकले की भरायचं, व्याज वापरलेल्या रकमेपुरतंच आणि दर ठेवीच्या दराहून थोडासाच जास्त. ठेव माझ्या नावावर वाढत राहते.

याला तीन कुसं आहेत आणि ती मॅडमनी सही घेण्याआधी सांगितली. तारण दिल्याबद्दल मी परकीय चलनात कसलाही मोबदला घ्यायचा नाही. कर्ज चालू असेतो ठेव मुदतीआधी मोडता येणार नाही. आणि हे पैसे शेती-बागायतीला किंवा जमीनजुमल्यात घालायचे नाहीत. काजू फोडणं हे कारखाना म्हणून चालतं, काजू लावणं चालत नाही. चौथं कूस त्या बोलल्या नाहीत, ते मी सांगतो. भावाकडून थकलं तर बँक त्याच्या दारात जाणार नाही, तुमची ठेव वळती करून घेईल. म्हणून एका सीझनच्या बियांपुरतीच ठेव तारण ठेवावी, सगळी पुंजी नव्हे. आणि भावाभावांत कितीही गोडी असली तरी कारखान्यात कुणाचं किती हे साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. आईसमोर केल्या तर उत्तम.

त्याच सुमारास शेजारची काजूबाग स्वस्तात मिळत होती. गावात सगळे म्हणाले, घेऊन टाक. मॅडमनी अडवलं. अनिवासी भारतीयाला शेतजमीन, मळा, फार्महाउस विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित वाट्याला आलेली ठेवता येते, नवी घेता येत नाही. गाळा, फ्लॅट, बिनशेती प्लॉट घेता येतो. एखाद्या फर्ममध्ये भागीदार म्हणून पैसेही घालता येतात, मात्र ते परत बाहेर न नेण्याच्या अटीवर, आणि ती फर्म शेती-मळ्याच्या किंवा जमिनींच्या खरेदी-विक्रीच्या धंद्यात नको. व्यवहार थांबवणारा बँकवाला त्या घडीला नकोसा वाटतो. मला त्या दिवशी वाटलाच.

अर्ज कधी करायचा, हे दराइतकंच महत्त्वाचं. मार्चमध्ये शाखेत जाऊन सीझनची मर्यादा मागणं म्हणजे लग्नघरात जेवणं चालू असताना आचाऱ्याला पाककृती विचारणं. वर्षअखेरीच्या गडबडीत तुमची फाइल वरच्या कार्यालयात जाते आणि मे महिन्यात परत येते. दिवाळी झाली की कागद द्यावेत: उद्यम नोंदणी, जीएसटी विवरणपत्रं, मागल्या वर्षीच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी. जानेवारीअखेर मंजुरीचं पत्र हातात असलं म्हणजे बी दारात येईल तेव्हा पैसे खात्यात असतात.

घरच्या माणसाला व्यवहार करता यावेत म्हणून आपल्याकडे एक जुनी रीत आहे. सह्या केलेलं कोरं चेकबुक आईच्या ट्रंकेत. ही रीत बंद करा. बँकेत मॅन्डेटचा फॉर्म मिळतो. त्याने भाऊ तुमच्या खात्यातून इथली देणी भागवू शकतो, पण तुमच्या वतीने कुणाला बक्षीस देऊ शकत नाही की तुमच्या नावाने नवं खातं उघडू शकत नाही. ही कुंपणं त्याच्याही भल्याची असतात, कारण उद्या हिशेबावरून कुणी बोट दाखवलं तर कागद बोलतो.

फोन नंबरही तिकडचा नोंदवा. २०२३ पासून ओमान, अमिराती, कतार, सौदी, सिंगापूर, अमेरिका, ब्रिटन अशा काही देशांच्या नंबरांवर एनआरई-एनआरओ खात्यांना यूपीआय जोडण्याची मुभा आहे, त्यामुळे गावचं सिम रिचार्ज करत बसण्याचं एक कारण कमी झालं. केवायसीची तारीख विचारून ठेवा. खात्याच्या जोखमीच्या वर्गाप्रमाणे ती दोन, आठ किंवा दहा वर्षांनी येते. सुट्टीवर आलात की मुदत भरायची वाट न पाहता कागद देऊन या. खात्यावर दोन वर्षं तुम्ही स्वतः काहीच व्यवहार केला नाही तर ते निष्क्रिय ठरतं. ते पुन्हा चालू करण्यासाठी बँकेने शुल्क घ्यायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०२४ पासून बजावलेलं आहे. काउंटरवर कुणी मागितलं तर शांतपणे परिपत्रकाचं नाव काढा. तक्रार नेहमी लेखी किंवा ईमेलने करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, त्यासाठी भारतात यावं लागत नाही. मी शुक्रवारी शुक्रवारी जे फोन केले त्यांची नोंद कुठेच नव्हती.

आता थोडं बँकांना. आखातातल्या हॉटेलात अनिवासींचे मेळावे होतात. वाढीव दराचं पत्रक, एक बॅग आणि काजूकतलीचा डबा मिळतो. (त्यातले गर आमच्या तालुक्यातलेही असतील.) रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशातून आलेल्या पैशात महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के होता, केरळपेक्षाही थोडा जास्त आणि देशात पहिला. बँकेला या पैशात ठेव दिसते. ठेवीपलीकडचा कारखाना दिसायला शाखेत कुणीतरी एक माणूस लागतो, ज्याचा नंबर ग्राहकाकडे आहे आणि जो शुक्रवारी फोन उचलतो. खातं गोठवायच्या आधी परदेशातल्या नंबरवर एक फोन किंवा एक ईमेल, एवढंही शाखेला जमलं असतं तर आमचा तो सीझन गेला नसता. त्याला कुठलंही नवं सॉफ्टवेअर लागत नव्हतं.

२०२४ मध्ये मी कायमचा परतलो. परतल्यावर एनआरई खातं तसंच चालवता येत नाही. ते निवासी खातं करून घ्यावं लागतं किंवा पैसे आरएफसी खात्यात परकीय चलनातच ठेवता येतात. एफसीएनआर ठेव मात्र मुदत संपेपर्यंत ठरलेल्या दराने चालते. माझ्या ठेवीचा प्रकार बदलला म्हणून तिच्यावरच्या ओव्हरड्राफ्टचे कागदही नव्याने करायचे होते. त्यासाठी मी आणि भाऊ मॅडमच्या जागी आलेल्या नव्या साहेबांकडे गेलो. त्यांनी फर्मचं पाच-सहा वर्षांचं खातं उलटून पाहिलं: मार्चमध्ये उचल, पावसाळ्यानंतर भरणा, दरवर्षी तसंच. मग म्हणाले की आता ठेवीची गरज नाही. सीजीटीएमएसईच्या, म्हणजे लघुउद्योगांच्या पतहमी योजनेतून फर्मच्या स्वतःच्या उलाढालीवर कॅश क्रेडिट देता येईल. हमीचं शुल्क तेवढं भरावं लागेल. हिशेब मांडून पाहिला, परवडत होतं. कागद दिवाळीनंतर लगेच दिले. जानेवारीत मंजुरी आली आणि माझी ठेव तारणातून सुटली.