फोनवर "हो" म्हटलं, पण सौदा झाला कुठे? खामगावच्या ढेपेची केस

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण करार कायद्यातले दोन शब्द बघितले: प्रस्ताव आणि स्वीकृती. त्यात एक केस दोन वाक्यांत आटपली होती. ती आज नीट समजून घेऊ, कारण फोनवर ऑर्डर देणाऱ्या-घेणाऱ्या प्रत्येकाला ती लागू पडते.

आधी पाया

युरोपातल्या युनिव्हर्सिटीत 'लॉ ऑफ ऑब्लिगेशन्स' हा मोठा विषय असतो. ऑब्लिगेशन म्हणजे कायद्याने बांधलेली देण्याघेण्याची गाठ: एकाचं देणं, दुसऱ्याचं घेणं. आपल्याकडे या विषयाचा मोठा भाग १८७२ च्या भारतीय करार कायद्यात आहे. बीबीए असो की एलएलबी, सुरुवात याच कायद्याने होते.

ही गाठ फक्त सौद्याने बसते असं नाही. कोणी चुकून तुमच्या खात्यावर यूपीआयने पैसे टाकले, तर कलम ७२ प्रमाणे ते परत द्यावे लागतात. तिथे सौदा नाही, तरी देणं आहे. पण धंद्यात बहुतेक गाठी "हो, पाठवा" या दोन शब्दांनीच बसतात. करार तोंडीसुद्धा चालतो, स्टॅम्प पेपर दरवेळी लागतोच असं नाही. अडचण येते ती पुढे, सिद्ध करताना.

लॉ कॉलेजमध्ये केस चार पायऱ्यांनी वाचतात: घटना, प्रश्न, निकाल, कारण. आपणही तसंच करू.

घटना

२२ जुलै १९५९. अहमदाबादच्या एका व्यापारी पेढीने ट्रंक कॉलवरून बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगावच्या केडिया जिनिंग फॅक्टरीकडे सरकीची ढेप मागितली. खामगावने फोनवरच होकार दिला. पुढे माल मिळाला नाही, अशी तक्रार करत अहमदाबादच्या पेढीने ३१,१५० रुपयांचा दावा लावला, तोही अहमदाबादच्या सिटी सिव्हिल कोर्टात.

प्रश्न

खामगावचं म्हणणं होतं, "आम्ही 'हो' खामगावात बसून म्हणालो. करार खामगावात झाला, केस इथे चालवा." अहमदाबादचं म्हणणं, "तुमचं 'हो' आम्ही इथे ऐकलं. करार इथे झाला."

निकाल

भगवानदास केडिया विरुद्ध गिरधारीलाल या नावाने हे प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. ३० ऑगस्ट १९६५ ला दोन विरुद्ध एक असा निकाल लागला: फोनवरचा करार जिथे स्वीकृती ऐकू येते तिथे होतो. म्हणजे अहमदाबादला.

आता तारखा बघा. सौदा १९५९ चा, निकाल १९६५ चा. सौद्याच्या वेळी खामगाव आणि अहमदाबाद एकाच मुंबई राज्यात होते, निकालाच्या वेळी दोन वेगळ्या राज्यांत. आणि सहा वर्षांनी ठरलं काय, तर केस कुठल्या गावात चालवायची एवढंच! नुकसानभरपाईचा मुद्दा अजून बाकीच होता.

कारण

पत्राचा नियम वेगळा आहे. स्वीकृतीचं पत्र पोस्टात टाकलं की समोरचा बांधला जातो, म्हणून करार पत्र टाकलं तिथे होतो. खामगावने पत्र पाठवलं असतं तर निकाल उलटा लागला असता. फोनवर मात्र दोघं समोरासमोर असल्यासारखेच बोलतात, "हो" ऐकूच आलं नाही तर करार कसला, असं बहुमताने म्हटलं. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांचं मत वेगळं पडलं. १८७२ च्या कायद्याचे शब्द फोनलाही लागू होतात, म्हणून करार खामगावचाच, असं ते म्हणाले.

आपल्या दुकानात याचा अर्थ काय?

समजा, पूनम सागरमधल्या कपड्याच्या दुकानदाराने सुरतच्या होलसेलरला फोन करून रेट सांगून माल मागितला, आणि तो "हो" म्हणाला. ते "हो" पूनम सागरमध्ये ऐकू आलं, म्हणजे करार इथला. उलट, होलसेलरनेच फोन करून रेट दिला आणि तुम्ही "पाठवा" म्हणालात, तर ते सुरतला ऐकू आलं, करार सुरतचा. एकच माल, एकच रेट, फक्त प्रस्ताव कोणाचा ते बदललं.

कराराची जागा हा एकच निकष नाही. समोरचा जिथे धंदा करतो तिथेही दावा लावता येतो, आणि डिलिव्हरी-पेमेंटची जागाही धरली जाते. पण १५,००० रुपयांच्या मालासाठी दर तारखेला सुरतला जायचं म्हटलं, तर बहुतेक जण दावा सोडूनच देतात. हक्क असतो, पण परवडत नाही.

व्हॉट्सअॅपवर ठरलेला करार केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून फेटाळता येत नाही. आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १३ प्रमाणे, मेसेज तुम्ही लोणावळ्यातून पाठवला तरी सर्वसाधारणपणे तो तुमच्या धंद्याच्या ठिकाणाहून गेला असं धरतात.

मग करायचं काय?

फोन ठेवल्यावर लगेच एक मेसेज टाका. त्यात पाच गोष्टी:

१. माल, नग आणि क्वालिटी.
२. रेट, जीएसटी धरून की सोडून.
३. डिलिव्हरी कुठे आणि कधीपर्यंत. हे ठरवलं नसेल, तर १९३० च्या माल विक्री कायद्याप्रमाणे माल जिथे पडलाय तिथूनच उचलायचा असतो.
४. पेमेंट किती, कधी, कुठल्या खात्यावर.
५. वाद झाला तर कोर्ट कुठलं.

पाचवी गोष्ट लोक हमखास विसरतात. हाकम सिंग विरुद्ध गॅमन या १९७१ च्या केसमध्ये काम वाराणसीचं होतं, पण करारात मुंबईचं कोर्ट लिहिलेलं, म्हणून मुंबईच कायम राहिली. दोन-तीन कोर्टांना अधिकार असेल तर त्यातलं एक दोघं मिळून निवडू शकतात. ज्या कोर्टाचा संबंधच नाही, त्याला मात्र लिहून अधिकार देता येत नाही. बिलाच्या तळाशी एकट्याने छापलेल्या ओळीवर विसंबू नका. समोरच्याकडून "ओके, मान्य" असं उत्तर मागून घ्या आणि चॅट डिलीट करू नका.

गृहपाठ: तुमच्या शेवटच्या पाच फोन-ऑर्डरी काढा. प्रत्येकीत प्रस्ताव कोणाचा, "हो" कोणाचं आणि ते कुठे ऐकू आलं, हे वहीत लिहा. आणि प्रकरण खरंच कोर्टापर्यंत जाणार असेल, तर आधी वकिलाला कागद दाखवा. करार मोडल्याच्या दाव्याला साधारण तीन वर्षांचीच मुदत असते.