रॉक गीताचा अर्थ कसा लावावा? ‘मा रेवा’च्या निमित्ताने

बॉब डिलन यांना २०१६ मध्ये साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा गाण्याला साहित्य म्हणावे की नाही यावर जगभर चर्चा झाली. मराठी वाचकाला हा प्रश्न तसा परका आहे. आपले अभंग, गौळणी, भारुडे गाण्यासाठीच रचली गेली, आणि एकनाथांच्या विंचवात कामक्रोध पाहताना आपल्याला कधी अवघडल्यासारखे झाले नाही. मात्र विद्यार्थी एखादे रॉक गीत वर्गात घेऊन आला की आपली अडचण होते. एक तर आपण ते गोंगाट म्हणून बाजूला सारतो, नाही तर विद्यार्थ्याने कुठेतरी वाचलेला ‘खरा अर्थ’ मान्य करून मोकळे होतो. दोन्ही वेळा अर्थ लावण्याचे काम राहूनच जाते. त्या कामाची साधने आपल्याच शास्त्रपरंपरेत आहेत, हे येथे एका गीताच्या आधारे दाखवायचे आहे.

‘मा रेवा’ हे दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ या बँडच्या ‘कंदिसा’ (२०००) या अल्बममधले गीत. रेवा म्हणजे नर्मदा. मूळ गीत नर्मदाखोऱ्यातले लोकगीत आहे. बँडमधले गायक व बास गिटारवादक राहुल राम यांनी नर्मदा बचाओ आंदोलनात काम केले होते. त्या वाटेने ते गीत बँडपर्यंत आले. शब्द पाहिले तर ते सरळ स्तुतिगीत आहे. नदीला आई म्हणून हाक, तिच्या निर्मळ, वाहत्या पाण्याचे कौतुक, अमरकंटकच्या उगमाचा उल्लेख आणि सेवेच्या फळाची ग्वाही. धरण, बुडीत, विस्थापन यांपैकी एकही शब्द त्यात नाही. तरीही अनेक श्रोते ते आंदोलनाचे गीत म्हणून ऐकतात. हा अर्थ गीतात आहे, की श्रोत्याने बाहेरून आणला?

पहिली पायरी तात्पर्याची. ग्रंथाचे तात्पर्य ठरवण्यासाठी आपल्या परंपरेने सहा खुणा सांगितल्या आहेत: उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. यांतील ‘अभ्यास’ म्हणजे पुनरुक्ती. गाण्यात तिचे काम ध्रुवपद करते. पण नुसत्या ध्रुवपदावर विसंबले तर काय होते, याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ब्रूस स्प्रिंगस्टीन यांचे ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’ (१९८४). ध्रुवपदात देशाचे नाव पुन्हा पुन्हा गर्जते, म्हणून असंख्य श्रोत्यांनी ते देशाभिमानाचे गीत मानले. कडवी मात्र व्हिएतनामच्या युद्धावर पाठवलेल्या, परतल्यावर काम न मिळालेल्या माणसाची आहेत. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी न्यू जर्सीतील प्रचारसभेत स्प्रिंगस्टीन यांच्या गीतांतल्या आशेच्या संदेशाचा गौरव केला होता. उपक्रम आणि उपसंहार जुळवून पाहिले असते, तर त्या गर्जनेतली कडवट थट्टा लपली नसती.

ही कसोटी ‘मा रेवा’ला लावली तर आरंभी, शेवटी आणि ध्रुवपदात स्तुतीच हाती येते. म्हणून ‘हे गीत धरणाविरुद्ध आहे’ असे वाच्यार्थ म्हणून सांगणारा विद्यार्थी चुकतो. त्याला तसे स्पष्ट सांगावे. पण तिथेच थांबू नये.

दुसरी पायरी व्यंजनेची. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त व्यंग्यार्थ कशाकशामुळे उमटतो याची यादी दिली आहे. वक्ता, ज्याला उद्देशून बोलले जाते तो श्रोता, काकू म्हणजे स्वराचा चढउतार, वाक्य, वाच्यार्थ, जवळ असलेली तिसरी व्यक्ती, प्रस्ताव, देश आणि काळ. अकराव्या शतकातली ही यादी रॉक गीताला सहज लागू पडते. घाटावर पूजेच्या वेळी तेच गीत गायले, की आई म्हणजे देवता. बुडिताच्या सावलीतल्या गावात गायले, की वाहत्या पाण्याचे कौतुक हे अडवलेल्या पाण्याचे दुःख होते. शब्द तेच राहतात. देश, काळ आणि श्रोता बदलतो.

सुरतेत हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. सरदार सरोवराने महाराष्ट्रातली ३३, गुजरातमधली १९ आणि मध्य प्रदेशातली १९२ गावे बाधित झाली. महाराष्ट्रातली गावे नंदुरबार जिल्ह्यातली, बहुतांशी आदिवासींची. १३८.६८ मीटर उंचीच्या याच धरणाचे पाणी कालव्याने सौराष्ट्र-कच्छपर्यंत गेले. उधना, लिंबायत, डिंडोली भागांत खानदेशातून आलेली असंख्य मराठी कुटुंबे राहतात. एकाच बाकावर बसलेल्या दोन मुलांपैकी एकाला रेवा म्हणजे नळाला आलेले पाणी, तर दुसऱ्याला आजोबांचे बुडालेले शेत वाटू शकते. कोणाचा अर्थ बरोबर, हे मतदानाने किंवा शिक्षकाच्या राजकीय कलाने ठरवू नये.

ठरवायचे कशाने? आनंदवर्धनाचा दृष्टान्त येथे उपयोगी पडतो. ज्याला प्रकाश हवा, तो दिव्याच्या ज्योतीची काळजी घेतो. तसे व्यंग्य हवे असणाऱ्याने वाच्यार्थ जपावा. बुडिताच्या अर्थाला गीतातल्या ‘वाहण्या’चा आधार आहे, आणि नदीच्या कृपेने जगणाऱ्याच्या कृतज्ञतेला ‘आई’ या संबोधनाचा. म्हणून दोन्ही व्यंग्ये ग्राह्य आहेत. याउलट, ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याने सुरत बुडाली, त्याची आठवण हे गीत ऐकताना एखाद्याला आली तर ती त्याची खरी आठवण आहे, पण गीताचा अर्थ नाही. नदी वेगळी, आणि पुराच्या भयाला शब्दांत कुठे जागा नाही. अशा आठवणीला वर्गात बोलू द्यावे. फक्त तिला अर्थाचे आसन देऊ नये.

कवीचा खुलासा अंतिम मानावा का? बीटल्सच्या ‘लूसी इन द स्काय विथ डायमंड्स’ (१९६७) मध्ये श्रोत्यांना एका मादक द्रव्याची आद्याक्षरे सापडली. जॉन लेनन यांनी मात्र ते नाव आपल्या लहान मुलाच्या चित्रावरून आल्याचे सांगितले. गीत कसे सुचले हे त्यातून कळते, पण त्याचा अर्थ तेवढ्याने संपत नाही. मम्मटाच्या यादीत वक्ता पहिला असला तरी एकटा नाही.

काकूचेही तसेच. ‘कंदिसा’ हे शीर्षकगीत केरळच्या सीरियन ख्रिस्ती परंपरेतले, सुरियानी भाषेतले स्तोत्र आहे. शब्द न कळताही त्यातली आर्तता श्रोत्यापर्यंत पोहोचते, ती स्वरामुळे. म्हणून गीत छापील कागदावरून शिकवू नये, आधी ऐकवावे.

वर्गात क्रम असा ठेवता येईल. आधी गीत ऐकवावे; मग शब्द लिहून वाच्यार्थ सांगायला लावावा; ध्रुवपद आणि कडवी यांचा मेळ तपासावा; त्यानंतर कोण, कोणाला, कुठे आणि केव्हा गातो हे विचारावे; शेवटी प्रत्येक व्यंग्यार्थासाठी गीतातला एक शब्द पुरावा म्हणून मागावा. ज्याला तो शब्द दाखवता येईल, त्याचा अर्थ फळ्यावर लिहावा, मग तो आपल्याला रुचो वा न रुचो. नंदुरबारच्या मुलाचा आणि कच्छच्या मुलाचा अर्थ एकाच फळ्यावर शेजारी आले, तर भाषेच्या तासाने त्याचे काम केले असे समजावे.