जमिनीच्या पोटातले पाणी कसे शोधतात?

आपल्या हिंगोली जिल्ह्यात कयाधू, पूर्णा, पैनगंगा या नद्या आहेत. पण ज्या शिवारात कालवा येत नाही, तिथे विहीर नाही तर बोअर हाच आधार. आणि बोअर म्हणजे लई खर्चाचे काम. आमच्या आळीतल्या एका काकांनी ३०० फूट बोअर घेतला, तर निघाली नुसती धूळ. शेजारच्या वावरात मात्र ८० फुटांवर पाणी!

गुरुजी म्हणाले, आपल्याखालचा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. थरावर थर बसलेत. काळा पाषाण कठीण, त्यात पाणी मुरत नाही. पाणी राहते ते मुरमात, भेगांत आणि झिजलेल्या मांजऱ्या खडकात. म्हणून दहा पावलांवर फरक पडतो.

पाणाड्या हातावर नारळ ठेवून जागा दाखवतो. आजोबांचा त्यावर भरवसा आहे. मला काही पटत नाही. नारळाला खालचा खडक कसा कळेल?

यंत्राची रीत निराळी आहे. एका रेषेत चार लोखंडी सळया ठोकतात. बाहेरच्या दोन सळयांतून जमिनीत वीज सोडतात आणि आतल्या दोन सळयांवर मोजतात. ओल्या हाताने बटण दाबू नको असे आई म्हणते ना, तसेच हे. ओल्या जमिनीतून वीज सहज जाते, कारण पाण्यात क्षार विरघळलेले असतात. कोरडा पाषाण तिला अडवतो. हा अडथळा ओहम-मीटरमध्ये मोजतात. ओल्या मुरमात आकडा साधारण २० ते ४० येतो, कठीण पाषाणात शंभराच्या वर जातो. बाहेरच्या सळया लांब लांब नेल्या की वीज खोल उतरते. मग आकड्यांचा आलेख काढतात. फ्रान्सच्या कॉनराड श्लुम्बर्जे यांनी १९१२ साली असे प्रयोग केले होते. आपल्या राज्यात हे काम भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा करते. ती १९७२ साली सुरू झाली.

पण बघा, यंत्राला पाणी दिसत नाही, फक्त आकडा दिसतो. तांबड्या गेरूच्या थरातूनही वीज सहज जाते, मग कमी आकडा पाहून माणूस फसतो. म्हणून तो आकडा जवळच्या विहिरीशी ताडून पाहावा लागतो. आणि इथेच अडते! बोअर घेताना किती फुटांवर कोणता खडक लागला, हे गावात कोणी लिहूनच ठेवत नाही. गाडी निघून गेली की माहितीही गेली.

शेजारी आम्ही कोरा तक्ता चिकटवला आहे. त्यात गट नंबर, विहिरीची किंवा बोअरची खोली, पाणी किती फुटांवर लागले आणि मुरूम कुठे संपला एवढेच लिहायचे आहे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावे, आम्ही लिहून घेऊ. कोरडे गेलेले बोअरही सांगा. त्यांची लाज धरू नका, तेच जास्त लागतात.

— इयत्ता ४ थी